सोवनीकाका आणि कोमट बॉनेट

आमच्या सोसायटीत सकाळी सव्वासात वाजता एक गृहस्थ पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर तळहात टेकवत फिरतात. पोराला ताप आहे का बघायला आई कपाळाला हात लावते ना, तसा. दोन सेकंद हात ठेवायचा, मान हलवायची आणि निकाल द्यायचा. निकाल तीनच. ‘गार’, ‘तापलीय’ आणि ‘कोमट’. यातला ‘कोमट’ हा शब्द ते अशा सुरात म्हणतात की गाडीच्या मालकाला आपण चारचौघांत नापास झालो असं वाटतं.

हे सोवनीकाका. वय अठ्ठ्याहत्तर, पहिला मजला, एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला असते, तिचा रविवारी फोन येतो. चिंचवडकडच्या एका कारखान्यात त्यांनी सगळा जन्म एकच काम केलं. थंडगार खोलीत ठेवलेलं इंजिन सुरू करायचं आणि तापेपर्यंत ते काय काय रडतं ते लिहून ठेवायचं. इतकी वर्षं गार इंजिनांची कुरकुर ऐकल्यावर माणसाचं जे व्हायचं तेच झालं.

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. डेक्कनला विम्याच्या कचेरीत नोकरी, नऊला टेबलावर हजर. नवरा सातच्या आत कंपनीच्या बसनं पसार झालेला असतो. सकाळच्या वेळी मला कुणी नुसतं ‘काय म्हणताय’ विचारलं तरी तिडीक जाते. आणि माझी पार्किंगची जागा नेमकी सोवनीकाकांच्या शेजारी. आता बोला.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गाठलं.

“अहो मंजिरीताई, आपली गाडी रोज भिंतीकडे तोंड करून उभी असते. रुसलीय का?”

“काका, मला उशीर होतोय.”

“होणारच. आता आपण ती मागे घेणार, पुढे घेणार, पुन्हा मागे घेणार. इंजिन गार. गार इंजिन आधीच पेट्रोल ढोसतं, त्यात आपण त्याला उठल्या उठल्या उलटं चालायला लावता. संध्याकाळी येता तेव्हा ते तापलेलं असतं. तेव्हा करा काय कसरत करायची ती. गाडी तोंड बाहेर करून लावा, सकाळी सरळ निघा.”

“संध्याकाळी मीही तापलेली असते.”

“मग दोघी एकदमच गार व्हा,” काका म्हणाले. “पण तोंड बाहेर करून.”

या माणसाशी बोलून उपयोग नाही, हे मला तिथंच कळलं. मी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून लावत राहिले. पाच वर्षं.

त्यांच्या नियमांना अंत नव्हता. उभ्या उभ्या इंजिन तापवायचं नाही. एका रविवारी माझ्या नवऱ्यानं गाडी सुरू करून ठेवली आणि तो वर पाकीट आणायला आला, तर काका जिन्यात उभे. “हेमंतराव, खाली वरात तयार आहे वाटतं. नवरदेव कधी उतरणार?” सुरू करायची, लगेच निघायचं, पहिला काही वेळ हळू चालवायची, चालता चालता इंजिन आपोआप तापतं, असं त्यांचं म्हणणं. दुधाला, भाजीला, इस्त्रीवाल्याकडे गाडी न्यायची नाही, पाय न्यायचे. कारण इंजिन तापायच्या आत ठिकाण येतं, गाडी पुन्हा गार होते, आणि परतताना पुन्हा तोच खर्च. ‘कोमट’ म्हणजे हेच. ना धड गार, ना धड तापलेली, पेट्रोल मात्र पिऊन बसलेली.

त्यांची स्वतःची जुनी, छोटी, पांढरी गाडी आठवड्यातून एकदाच हलते. गुरुवारी सकाळी साडेसातला. आठवडाभराची कामं साठवून ठेवायची आणि सगळ्यात लांबचं आधी करायचं. म्हणजे आधी कसबा पेठ. एकदा इंजिन नीट तापलं की मग परतीच्या वाटेवर एकेक थांबा घेत कोथरूडला यायचं. कसब्यात गल्लीच्या तोंडापर्यंत जागा शोधत बसायचं नाही, पहिली जागा मिळेल तिथं लावायची आणि चालायला लागायचं. दुकानासमोरच जागा मिळावी म्हणून चकरा मारणाऱ्यांना ते घारी म्हणतात. “वरून बघतायत, उंदीर दिसतोय का,” असं ते एकदा सिग्नलला खिडकीची काच खाली करून एका अनोळखी माणसाला ऐकवून आले होते.

त्यांच्या तावडीतून सुटलेलं एकच माणूस सोसायटीत होतं. देवधरबाई. तिसरा मजला, रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, त्याही एकट्या. बाई रोज सकाळी पावणेसहाला गाडी काढून टेकडीवर फिरायला जात आणि सातच्या सुमारास परत येत. टेकडी आमच्यापासून किती लांब? आळस दिला तर हात लागेल इतकी.

“बाई,” काका म्हणायचे, “चालायला जायला गाडी लागते?”

“मला टेकडी चढायची असते, सोवनी. टेकडीपर्यंतचा रस्ता नाही.”

“इंजिन तापत नाही तेवढ्यात. रोज कोमट. रोज.”

“तुम्ही माझ्या गाडीचा ताप बघता, ते पुष्कळ झालं. तिचं पथ्य मी बघेन.”

हा संवाद मी पाच वर्षं ऐकला. शब्दसुद्धा बदलत नसत. बाईंनी काकांचं फक्त एक ऐकलं होतं, गाडी तोंड बाहेर करून लावायची. ते ऐकलं म्हणून बाकीचं न ऐकायची मुभा मिळाल्यासारख्या त्या वागत.

असं सगळं बरं चाललं होतं. मग चौथ्या मजल्यावर निखिल राहायला आला. आयटीतला मुलगा, मूळचा अकोल्याकडचा, बोलायला गोड. त्यानं एक भलीमोठी काळी गाडी घेतली. आमच्या पार्किंगमध्ये ती पोट आत घेऊन उभी राहते. काकांनी दुसऱ्याच दिवशी तिच्यावर हात टेकवला आणि “गार” म्हणून पुढे गेले. निखिलनं ते गाडीच्या कॅमेऱ्यात पाहिलं. त्यानं सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे अंकल डेली माझ्या कारला टच करतायत. सिरॅमिक कोटिंग केलंय हो. प्लीज कोणीतरी सांगा ना त्यांना.’

आमच्या कमिटीला कुणाला तरी काही तरी सांगायचं असतंच. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कागद लागला. ‘कोणत्याही सभासदाने इतर सभासदांच्या वाहनांस हात लावू नये. आदेशावरून.’ ग्रुपवरही तोच मजकूर आला. त्याखाली बऱ्याच जणांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. मीही टाकलं. पाच वर्षांचा वचपा निघाला असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काकांनी तो कागद चष्मा वर करून वाचला, चष्मा खाली करून वाचला, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘वाचले. सोवनी.’

त्या दिवसापासून सव्वासातची फेरी बंद झाली. मला वाटलं होतं, भांडतील. भांडले नाहीत. पण त्यांचं काहीतरी बिघडलं. मी त्यांच्या थेट वरच्या मजल्यावर राहते. सकाळी सातपासून खाली चपलांचा आवाज सुरू व्हायचा. बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी. बाल्कनीतून पार्किंगची फक्त कडा दिसते. तिथं उभं राहून ते मान वाकडी करून बघायचे, पुन्हा आत जायचे, पुन्हा यायचे. कधी खाली उतरलेच तर दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून गाड्यांच्या मधून चालायचे. एकदा बोटं बॉनेटकडे गेली आणि त्यांनी ती झटकन मागे घेतली, चटका बसल्यागत. मला ते बघून बरं वाटलं नाही. पण मला उशीर होत होता.

तीन आठवडे झाले असतील. मंगळवार होता. साडेआठ वाजता मी डबा आणि किल्ली घेऊन धावत खाली आले, तर काका देवधरबाईंच्या गाडीसमोर उभे. हात पाठीमागे.

“मंजिरीताई, एक काम होतं.”

“काका, प्लीज, आज नको.”

“एकच क्षण. या गाडीला जरा हात लावून बघता का? मला मनाई आहे.”

मी कपाळाला आठ्या घातल्या. “कशाला?”

“बाई सकाळी गेल्या का ते कळत नाहीये. गाडी जशीच्या तशी आहे. गेल्या असतील तर आत्तापर्यंत थोडी तरी कोमट असेल. बॉनेटवर नका बघू, तो पत्रा आधी गार होतो; पुढे जाळीजवळ बघा.”

“फोन करा की.”

“सकाळी फोन घेत नाहीत त्या. तत्त्व आहे त्यांचं.”

“मग बेल वाजवा.”

“आणि काय सांगू?” काका म्हणाले. “गाडी गार आहे म्हणून आलो?”

ते खरंच अडले होते. आमच्याकडे कारण असल्याशिवाय कुणी कुणाची बेल वाजवत नाही, आणि त्यांच्याजवळ होतं ते कारण आम्ही सगळ्यांनी मिळून फळ्यावर लावून काढून घेतलं होतं. पण हे शहाणपण मला आत्ता सुचतंय. तेव्हा मला घड्याळ दिसत होतं. मी बाईंच्या गाडीजवळून जाता जाता म्हणाले, “कोमट आहे हो, काका,” आणि माझ्या गाडीत बसले. मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, आणि निघाले. हात लावला नव्हता. साफ खोटं बोलले.

कर्वे रस्त्यावर पहिल्याच सिग्नलला अडकले, आणि मनात कुरकुर सुरू झाली. लावला असता हात तर काय झिजणार होतं? रेडिओ लावला, बंद केला. पुढचा सिग्नल. तेवढ्यात फोन वाजला.

“मंजिरीताई, गाडी वळवा,” काका म्हणाले. “बाई आत पडल्यात. हाक मारली तर ओ देतायत, उठता येत नाहीये. त्यांची किल्ली आपल्याकडे असते ना?”

असते. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्याला. आणि घरात कुणी नव्हतं.

मी कशी वळले ते मला विचारू नका. एका बसवाल्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो रास्तच होता. परत पोचले तेव्हा तिसऱ्या मजल्यावर काका बाईंच्या दाराला तोंड लावून बोलत होते. “बाई, मला आवर्तसारणी म्हणून दाखवा. झोपायचं नाही. हायड्रोजनपासून.” आतून बारीक आवाज येत होता. हेलियम, लिथियम. आवाज ऐकून निखिलही वरून उतरला होता, अनवाणी, हातात टूथब्रश.

दार उघडलं. बाई न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या, पाऊल भलतीकडे वळलेलं. पहाटे टेकडीवर जायला आवरत होत्या तेव्हापासून तशाच. ओठ कोरडे पडले होते, अंग गार लागत होतं.

“मंजिरी,” त्या म्हणाल्या, “आधी माझ्यावर चादर टाक. मग पुरुषांना आत घे.”

निखिलनं त्यांना उचललं, तीन जिने उतरवलं. मानलं त्या मुलाला. खाली आल्यावर धापा टाकत म्हणाला, “काका, माझी कार घेऊ. मोठी आहे, पाय सरळ ठेवता येईल.”

काकांनी त्याच्या गाडीकडे एकदा पाहिलं. “भिंतीकडे तोंड आहे तिचं. काढेपर्यंत दुपार होईल. इकडे आणा.”

पांढरी गाडी तोंड बाहेर करून उभी होतीच. बाईंना मागे आडवं केलं, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, निखिल पुढे. आणि मग मी ते पाहिलं, जे सोसायटीत सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. सोवनीकाकांनी किल्ली फिरवली, आणि इंजिनानं नीट श्वास घ्यायच्या आत पाय दाबला. पाच दिवस गार पडलेलं ते इंजिन अक्षरशः किंचाळलं. फाटकातून गाडी सुटली ती दुसऱ्या गिअरमध्येच बोंबलत.

मागून बाई म्हणाल्या, “सोवनी, इंजिन गार आहे. हळू.”

“गप्प पडून राहा, बाई,” काका म्हणाले.

घोटा मोडला होता. आणखी उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. बाईंना आत नेल्यावर आम्ही बाहेर बाकावर बसलो. निखिल चहा आणायला गेला. मला राहवेना.

“काका, मी मघाशी हात लावला नव्हता.”

“माहितीय.”

“कसं?”

“कोमट आहे म्हणालात तेव्हा आपल्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्यात किल्ली.”

“मग तिथंच बोलायचं होतं ना, रागवायचं होतं.”

“आपल्याला उशीर झाला होता,” काका म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं. “आपण गेल्यावर मीच लावला हात. गार होती. मग बेल वाजवली. नियम मोडला. कमिटीला लिहून देईन.”

ते समोरच्या भिंतीकडे बघत बोलत राहिले.

“आधीच्या इमारतीत माझ्या शेजारी एक गृहस्थ गाडी लावायचे. माझ्यासारखेच, एकटे. तीन दिवस त्यांची गाडी हलली नव्हती. मी रोज तिच्या शेजारून माझी काढत होतो आणि लावत होतो. चौथ्या दिवशी दार फोडलं.” त्यांनी स्वतःचा तळहात उलटसुलट करून पाहिला. “हात लावायला काय लागतं हो? नुसता लांब करायचा. लोकांना पेट्रोलचं सांगितलं की ते हसतात आणि सोडून देतात. दुसरं काही सांगितलं असतं तर घाबरले असते.”

निखिल चहाचे कप घेऊन मागे केव्हा येऊन उभा राहिला होता, आम्हाला कळलं नाही. त्यानं कप दिले आणि म्हणाला, “काका, उद्यापासून माझ्या गाडीला पण लावा हात. प्लीज.”

“कोटिंग जाईल.”

“जाऊ द्या ना.”

संध्याकाळी फळ्यावरचा कागद नव्हता. कुणी काढला ते ग्रुपवर कुणी विचारलं नाही. मी त्या दिवशी घरी आले आणि सकाळी घाईत कशीही सोडलेली माझी गाडी रिव्हर्स घेऊन, तोंड बाहेर करून लावली. सात वेळा मागे-पुढे करावं लागलं. काका बाल्कनीतून मान वाकडी करून बघत होते.

सव्वासातची फेरी पुन्हा सुरू झाली. बाई महिनाभर प्लास्टरमध्ये, तरी त्यांच्या गाडीवरही हात टेकवला जायचा आणि वर बघून मोठ्यानं सांगितलं जायचं, “गार.” तिसऱ्या मजल्यावरून उत्तर यायचं, “मग काय उकळणार आहे?”

मलाही सवय लागली. दूध आणायला उतरले की जाता जाता दोन-तीन गाड्यांना हात लावायचा. बाईंच्या, निखिलच्या. काकांच्या गाडीला मात्र कधी लावला नाही. तिला हात लावणारे काका आहेतच की, असं काहीसं डोक्यात असावं. म्हणजे नीट विचारच केला नव्हता.

परवा गुरुवारी दूध घेऊन परत येत होते. पांढरी गाडी जागेवर. मी घड्याळ बघितलं. पावणेआठ. साडेसातला निघणारा माणूस, ज्याच्या निघण्यावर इस्त्रीवाला आपलं दुकान उघडतो. मी दुधाची पिशवी जमिनीवर ठेवली आणि हात लावला. पुढे, जाळीजवळ, पूर्ण तळहात टेकवून. गार.

जिना कसा चढले कोण जाणे. पहिलाच मजला, तोही दोन-दोन पायऱ्या गाळत. बेल दाबली, आणि दार तत्क्षणी उघडलं.

काका समोर उभे. इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे-बूट, काखेत घडी घातलेल्या पिशव्या. दाराच्या मागेच एक खुर्ची ओढून ठेवलेली होती.

“काय झालं?” ते म्हणाले.

“तुम्ही बरे आहात ना?”

“मला काय धाड भरलीय?”

“गाडी गार आहे तुमची.”

“हात लावलात?”

मी दोन्ही हात पुढे केले. उजव्या तळव्याला धूळ लागली होती. त्यांनी तो हात बराच वेळ बघितला, लहान मुलांची नखं तपासावीत तसा.

“हा चौथा गुरुवार,” ते म्हणाले. “दर गुरुवारी इथंच बसतो, पावणेआठपर्यंत. मग निघतो.”

मला रडू आलं. आणि रडू आलं की मला राग येतो. “मग तोंड नाही का तुम्हाला? एवढं सगळ्या जगाला ऐकवता. सांगायचं होतंत.”

“सांगितल्यावर कुणीही लावेल,” काका म्हणाले.

ते बाहेर आले, दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. मग डाव्या हाताची मूठ माझ्यासमोर उघडली. त्यात त्याच कुलपाची दुसरी किल्ली होती.

“बाईंची ज्या खिळ्याला असते,” ते म्हणाले, “त्यालाच अडकवा. वेगळा खिळा नको ठोकायला, भिंत खराब होते.”

आणि उशीर झाला, उशीर झाला, असं पुटपुटत ते जिना उतरून गेले. खाली गाडी सुरू झाली आणि सरळ, हळू, फाटकाबाहेर पडली. मी किल्ली मुठीत धरून जिन्यात उभी राहिले. किल्ली कोमट होती.